झोपेत दात खाणाऱ्यांसाठी गार्ड : मऊ की कडक?

झोपेत दात खाण्याचे निदान झाले, की रात्री दातांवर लावायचे संरक्षक आवरण, म्हणजे गार्ड, मऊ घ्यावे की कडक, हा प्रश्न बहुतेकांपुढे येतो. मी दोन्ही वापरली आहेत. दात खाणे यांपैकी कोणतेही थांबवत नाही. गार्ड झीज स्वतःवर घेते, आणि झिजलेले एनॅमल, म्हणजे दातांचे वरचे कठीण आवरण, शरीर पुन्हा तयार करत नसल्यामुळे हे कामही थोडके नाही.

मऊ गार्ड पहिल्या रात्रीपासून तोंडात सुखाने बसते, कुठे टोचत नाही. माझे मत फिरले ते मात्र त्या मऊपणामुळेच. दातांखाली दबणारे आणि पुन्हा वर येणारे काही आले, की जबडा ते चघळत राहतो, आणि झोपेत त्याला आवरायला कोणी नसते. दात शाबूत राहिले, पण सकाळी कानशिले ठणकत, गालांचे स्नायू ताठरलेले असत आणि न्याहारीचा पहिला घास चावतानाच जबडा दमल्यासारखा वाटे. पुढे दाढांखाली गार्डला भोकही पडले. दंतवैद्य जेफ्री ओकसन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडक गार्डमुळे १० पैकी ८ जणांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल कमी झाली होती, तर मऊ गार्डमुळे ५ जणांची वाढली होती. अभ्यास लहान आहे, त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. माझा अनुभव मात्र त्याच्याशी जुळतो.

अ‍ॅक्रिलिकचे कडक गार्ड सुरुवातीला घट्ट वाटते आणि लाळ सुटते. दंतवैद्य रंगीत कागद चावायला देऊन, उमटलेल्या रंगावरून उंच राहिलेल्या जागा ओळखून त्या घासून देतात. त्यासाठी पुन्हा जाण्याचा कंटाळा करू नये, कारण एकाच दातावर भार आला तर तो दुखू लागतो. नीट बसल्यावर दात त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून सरकतात, चघळायला काही उरत नाही. माझी कानशिले हळूहळू शांत झाली.

ज्यांचे दुखणे सौम्य आहे किंवा ज्यांना थोड्याच काळासाठी गार्ड हवे आहे, त्यांना मऊ गार्ड पुरेसे ठरू शकेल. सकाळी जबडा आणि कानशिले दुखत असतील, तर मी कडक गार्डच सुचवेन. जोराने घोरणाऱ्यांनी आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्यांनी मात्र गार्डचे माप देण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे; श्वासाचा हा त्रास काही जणांमध्ये गार्डमुळे वाढू शकतो.