बेसवाला बेरी आणि अण्णांच्या अकरा मात्रा

ऑलमन बेट्स बँड ह्या अमेरिकन रॉक बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली होती. ऐनवेळी बायकोला ताप आला, म्हणून शेजारच्या खुर्चीत आमचे अण्णा. वय ७४, सांगलीहून दोन महिन्यांसाठी अटलांटाला आलेले, उभी हयात भजनी मंडळात तबला. कानात कापूस घालूनच बसले.

ऑलमन ब्रदर्स ह्या जुन्या गाजलेल्या बँडमधल्या तिघांची ही पोरं: ग्रेग ऑलमनचा डेव्हन, डिकी बेट्सचा ड्युएन आणि मी ज्याच्यासाठी गेलो तो बेसवाला, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा, बेरी ड्युएन ओकली. बापाचं नावही बेरीच. नोव्हेंबर १९७२ मध्ये मेकन शहरात त्याची मोटरसायकल बसवर आदळली आणि तो गेला. वय २४. हा तेव्हा आईच्या पोटात. वर्षभर आधी त्याच गावात ग्रेगचा भाऊ, त्याच बँडचा गिटारवाला ड्युएन ऑलमनही मोटरसायकलवरूनच गेलेला. म्हणजे ह्याने बापाला ऐकलं ते रेकॉर्डवर, आपल्यासारखंच.

पहिली तीन-चार गाणी साउंडवाल्याने वाया घालवली. बेस नुसता घुमत होता, सूर कळेना. गिटारी मात्र झकास.

मग 'व्हिपिंग पोस्ट', जुन्या बँडचं ग्रेगने लिहिलेलं गाणं. सुरुवातीला बेस एकटा. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातल्या १९७१ च्या रेकॉर्डिंगमध्ये हे गाणं २३ मिनिटं चालतं, आणि थोरला बेरी त्यात मागे उभा राहून ठेका धरत नाही, दोन गिटारींच्या मध्ये घुसून तिसरी गिटार असल्यासारखा वाजवतो. पोराने सुरुवात जशीच्या तशी घेतली. पुढे मात्र आपल्या वाटेने गेला, आणि मला तेच आवडलं.

तेवढ्यात बघतो तर अण्णांची बोटं मांडीवर. तीन, तीन, तीन, दोन. एका कानातला कापूस काढला. "अरे, अकरा आहेत. बारातली एक खाल्ली ह्यांनी!" ग्रेगने लिहिलं तेव्हा त्याला स्वतःलाच अकराचा पत्ता नव्हता, तोही तीन-तीन-तीन-दोन असंच धरून चालला होता, हे सांगितल्यावर अण्णा खूश. गाणं बाराला आलं तशी त्यांची मान डोलली. "आली बघ जागेवर."

पाचपैकी साडेचार. अर्धा साउंडवाल्याचा कापला. मागच्या रांगेची तिकिटं काढू नका, बेरीचा डावा हात दिसायला हवा.

गाडीत अण्णांनी विचारलं, "बाप नव्हता, मग ह्याला शिकवलं कुणी?"

मी फिलमोरचं रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीच्या अकरा त्यांनी डॅशबोर्डवर वाजवल्या.