आमचाच पंप आम्हाला नवा म्हणून विकला, डिशवॉशरवाल्यांनो सावध रहा

नाशिककरांनो, आणि ज्यांच्या घरी डिशवॉशर आहे त्या सगळ्यांनीच, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा. आमचे 10,800 रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मशीनला तीन वर्षं झाली, वॉरंटी संपलेली. गौरीजेवणाला घरात वीस-बावीस माणसं, रात्री सगळी ताटं-वाट्या मशीनला लावली आणि सकाळी दार उघडलं तर कटाची आमटी ताटांना तशीच वाळून चिकटलेली, साबणाची टॅब्लेट खाली पडून अर्धीच विरघळलेली, आणि भांडी एकदम गार. परत लावलं. पाणी भरल्याचा आवाज आला, पण त्यानंतर नेहमी जो सपसप फवाऱ्याचा आवाज येतो तो आलाच नाही, नुसतं गूंऽऽऽ असं बारीक गुणगुणणं आणि थोड्या वेळाने एरर. फिल्टर काढून घासला, फवाऱ्याच्या दोन्ही पंख्यांची भोकं टूथपिकने मोकळी केली कारण आमच्याकडे बोरचं पाणी, क्षार जमतातच. काही फरक नाही.

इथे माझी चूक झाली. कंपनीचा नंबर मशीनच्या पुस्तकात होता, पुस्तक माळ्यावर, घरात पाहुणे, मग मोबाईलवर शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. वरचे एक-दोन नंबर पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात हे मला माहीत होतं तरी त्या घाईत लक्षात आलं नाही. बाई गोड बोलली, "हो मॅडम, कंपनीचंच सर्विस सेंटर आहे, व्हिजिट 450 रुपये."

दोन तासांत एक मुलगा आला. मशीन पाच मिनिटं चालवलं, कान लावला, काहीही न उघडता म्हणाला, "ताई, सर्क्युलेशन पंप गेलाय, मोटर जळालीये. नवीन टाकावा लागेल, 10,800." मी म्हटलं दादा एवढे कसे, तर म्हणाला हीटर पंपातच असतो, म्हणून महाग. हे खरं आहे बरं का, बऱ्याच नव्या मशीनमध्ये हीटर पंपातच असतो, म्हणून तर पंप फिरला नाही की पाणीही तापत नाही. त्याची अर्धी माहिती खरी होती म्हणूनच माझा विश्वास बसला. मग त्याने मशीन आडवं केलं, खालून पंप काढला, ओट्याखाली सगळं पाणी पाणी, आणि पंप "मॅच करायला" म्हणून घेऊन गेला. 5,000 ॲडव्हान्स यूपीआयने. नाव कंपनीचं नाही, कुणा माणसाचं आलं, तेही मी बघून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पेपरात गुंडाळलेला पंप आणला, खोका नाही, बसवला, मशीन चालू झालं, उरलेले 5,800 दिले. जुना पंप मागितला तर म्हणाला कंपनीत जमा करावा लागतो.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी मशीन बंद असतानाही ड्रेनचा आवाज थांबेना, घर्रर्र करत नुसतं पाणी बाहेर टाकतंय, प्लग काढला तेव्हा कुठे गप्प. त्या नंबरवर फोन केला तर स्विच ऑफ. दिवसभर स्विच ऑफ.

मग माझे दीर आले, ते अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, तेव्हा जळका वास आला होता का? एमसीबी पडली होती?" दोन्ही नाही. म्हणाले, मोटर जळाली की बहुतेक वेळा यातलं एक तरी होतंच. नुसती गुणगुणतेय आणि फिरत नाही म्हणजे तिला करंट मिळतोय, काहीतरी अडकलंय. मीटर लावून वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तपासायला दोन मिनिटं लागतात, त्या मुलाने मीटर काढला तरी होता का? नव्हता काढला. त्यांनीच समजावलं की मशीनमध्ये पंप दोन असतात, एक घाण पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप आणि दुसरा हा सर्क्युलेशन पंप, जो तळातलं तेच ते पाणी परत परत उचलून फवाऱ्यांना देतो. ड्रेन पंपाचं तोंड बऱ्याच मशीनमध्ये फिल्टरच्या खड्ड्यात छोट्या झाकणाखाली सापडतं, सर्क्युलेशन पंपापर्यंत मात्र बहुतेक खालूनच जावं लागतं. तिथे घरच्या घरी हात घालू नका, आणि फिल्टरच्या खड्ड्यात हात घालायचा तरी आधी प्लग काढा, जाड हातमोजे घाला, काच असू शकते.

यावेळी पुस्तक माळ्यावरून काढलं आणि त्यातल्या नंबरवर फोन केला. चार दिवसांनी खरा माणूस आला. त्याने खालचा ट्रे दाखवला, त्यात पाणी साठलेलं आणि थर्माकोलचा तुकडा वर तरंगलेला. तो तुकडा वर आला की मशीनला कळतं गळती आहे, मग ते धुणं थांबवून ड्रेन पंप चालूच ठेवतं. गळत होतं पंपाच्या रबरी सीलपाशी, सील वाकडं बसवलेलं. सील बदलायला त्याने पंप काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मॅडम, हा नवीन आहे असं कोण म्हणालं तुम्हाला?"

मी पंपाच्या तोंडातून आत बघितलं. प्लॅस्टिक पांढरं असायला हवं ते हळदीने पिवळं पडलेलं. नऊ दिवसांत नाही हो पडत एवढं, आमच्या तीन वर्षांच्या पोळी-भाजीचा रंग होता तो. आत क्षारांचा थर. इम्पेलरच्या, म्हणजे पंपात फिरून पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, एका पात्याचा टवका उडालेला. पंपावर बनवल्याची तारीख होती, ती मशीनच्या दाराच्या कडेला जी माहितीची पट्टी असते तिच्यावरच्या तारखेच्या तीनच आठवडे आधीची. आणि मग त्याने पंप जिथून पाणी ओढतो त्या भोकात चिमटा घालून नखाएवढा हिरवट काचेचा तुकडा काढला. आषाढात मशीनमध्ये आमचा चहाचा एक ग्लास तडकला होता, आम्हाला वाटलं होतं सगळे तुकडे वेचले. तसाच एक तुकडा इम्पेलरमध्ये अडकला असणार, त्या मुलाने नेऊन तो काढला, पंप पुसला आणि आमचाच पंप आम्हाला नवा म्हणून 10,800 ला विकला. सील आणि सर्विस मिळून खऱ्या माणसाचं बिल झालं 1,850.

हात थरथरत होते माझे. पैशापेक्षा जास्त राग याचा आला की मी त्याला चहा दिला होता, गौरीचा प्रसाद बांधून दिला होता.

मग बिल शोधलं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आमच्या बिलावरचा होता 14 अक्षरांचा. पैसे द्यायच्या आधी जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघितला असता तर तिथेच कळलं असतं. पार्ट बदलणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की जुना पार्ट इथेच राहील, आणि पंप काढून न्यायचा म्हणाला तर त्यावरच्या नंबरचा फोटो काढल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका, मी एवढं केलं असतं तरी तो पकडला गेला असता.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. सायबरच्या 1930 वरही फोन केला, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, आम्ही पंधरा दिवस उशिरा केला. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा दिरांच्या मोबाईलवरून परत तोच शोध घेतला. वर आता वेगळा नंबर आहे. दिरांनी फोन लावला, तीच बाई, तोच गोड आवाज, "हो सर, कंपनीचंच सर्विस सेंटर आहे." व्हिजिट चार्ज आता 500 सांगितला. त्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि नवीन नंबर दोन्ही तक्रारीला जोडलंय.