राष्ट्रीय पुरस्कार की फिल्मफेअर? हिंदी अभिनेत्रींचं काम पाहायला कोणती यादी धरावी

हिंदी सिनेमातल्या मोठ्या अभिनेत्रींचं काम एकदा नीट, सलग पाहायचं ठरवलं की पहिली अडचण असते ती सुरुवात कुठून करायची ही. बरेच जण पुरस्कारांची यादी उघडतात. पण अशा मोठ्या याद्या दोन आहेत आणि त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नाही. माधुरी दीक्षितला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे चार फिल्मफेअर मिळाले, राष्ट्रीय पुरस्कार एकही नाही. तब्बूला राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला, फिल्मफेअरचा मुख्य पुरस्कार एकदाही नाही. दोघींपैकी एकीला कमी लेखायला मी तयार नाही. त्यामुळे कोणती यादी काय पाहू शकते आणि कुठे कमी पडते, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिला फरक सनावळीचा आहे, आणि तो फार जणांच्या ध्यानात येत नाही. फिल्मफेअर 1954 साली सुरू झाले. पहिली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री मीनाकुमारी, चित्रपट ‘बैजू बावरा’. (फिल्मफेअरची ती प्रसिद्ध काळी बाहुली, म्हणजे पुरस्काराची मूर्ती, घडवली ना. ग. पानसरे या आपल्या मराठी शिल्पकाराने, हे आवर्जून सांगायला मला आवडतं.) राष्ट्रीय पुरस्कारही 1954 सालचेच, पण सुरुवातीला ते चित्रपटांना दिले जात. अभिनेत्रीला वेगळा पुरस्कार 1967 च्या चित्रपटांपासून मिळू लागला, आणि तो पहिल्यांदा नर्गिसला ‘रात और दिन’साठी मिळाला. त्याच वर्षीचं फिल्मफेअर नूतनला ‘मिलन’साठी मिळालं.

म्हणजे ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’ यांतली नूतन राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत सापडणारच नाही. ती डावलली गेली असं नाही, तेव्हा तो पुरस्कारच नव्हता. ‘साहिब बीबी और ग़ुलाम’मधल्या छोटी बहूचंही तेच. ज्या वर्षी मीनाकुमारीला त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, त्या वर्षी या गटातली तिन्ही नामांकनं तिचीच होती. पन्नास आणि साठच्या दशकांपासून सुरुवात करायची असेल तर निवड सोपी आहे: फिल्मफेअरची यादी घ्या. नूतनची पाच आणि मीनाकुमारीची चार फिल्मफेअर एवढं पाहिलं तरी त्या काळातला अभिनय कुठून कुठे गेला ते कळतं. ‘बंदिनी’त नूतन कितीतरी वेळ काही बोलतच नाही, आणि तरी नजर तिच्यावरून हलत नाही.

सत्तरच्या दशकापासून मात्र खरी निवड करावी लागते. राष्ट्रीय पुरस्कार ठरवते ती परीक्षक समिती, आणि तिच्यासमोर देशातल्या सगळ्या भाषांचे चित्रपट असतात. हिंदी अभिनेत्रीला तिथे मल्याळम, बंगाली, तमिळ, मराठी अभिनेत्रींच्या बरोबरीने उभं राहावं लागतं. फिल्मफेअरचा हा सोहळा हिंदी सिनेमाचा, आणि त्याची मुळं फिल्मफेअर मासिकाच्या वाचकांच्या मतदानात आहेत. त्यामुळे तिथे भूमिकेइतकीच त्या वर्षीची लोकांची आवडही मोजली जाते. शबाना आझमीचे पाच राष्ट्रीय पुरस्कार पाहा: ‘अंकुर’, ‘अर्थ’, ‘खंडहर’, ‘पार’, ‘गॉडमदर’. यातले मधले तीन तर ओळीने तीन वर्षं मिळालेले. फिल्मफेअरने तिला ‘स्वामी’, ‘अर्थ’ आणि ‘भावना’साठी गौरवलं. ‘खंडहर’ आणि ‘पार’ फक्त पहिल्या यादीत भेटतात, आणि शबाना समजून घ्यायची तर हे दोन्ही चुकवून चालणार नाही.

वर्षांच्या हिशेबातही एक खाच आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात, फिल्मफेअर प्रदर्शनाचं वर्ष पाहतं. म्हणून ‘चक्र’साठी स्मिता पाटीलला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार 1980 चा आहे आणि फिल्मफेअर 1981 च्या चित्रपटांमधलं. याचा एक परिणाम असा झाला की फिल्मफेअरमध्ये ‘चक्र’ आणि ‘उमराव जान’ एकाच वर्षात आले. तिथे स्मिता जिंकली, आणि रेखाला ‘उमराव जान’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फक्त फिल्मफेअरची यादी हातात असेल तर रेखाच्या खात्यावर ‘खूबसूरत’ आणि ‘खून भरी मांग’ दिसतील, तिचं सगळ्यात नावाजलेलं काम दिसणारच नाही. दोन याद्या शेजारी ठेवून पाहा म्हणते ती याचसाठी.

डिंपल कपाडियाचं उदाहरण याहून ठळक आहे. ‘बॉबी’साठी तिला फिल्मफेअर मिळालं (त्या वर्षी ते ‘अभिमान’च्या जया भादुरीसोबत विभागून होतं), पुढे ‘सागर’साठीही मिळालं. ‘रुदाली’साठी मात्र राष्ट्रीय पुरस्कार तिचा आणि फिल्मफेअरचा मुख्य पुरस्कार ‘हम हैं राही प्यार के’च्या जुही चावलाचा. फिल्मफेअरने ‘रुदाली’ची दखल समीक्षकांच्या पुरस्कारात घेतली. ही समीक्षकांची यादी लोक विसरतात, आणि माझ्या मते निवड करणाऱ्याने ती आधी उघडावी. तब्बू तिथेच भेटते: ‘विरासत’, ‘हु तू तू’, ‘अस्तित्व’, ‘चीनी कम’. तिचे दोन राष्ट्रीय पुरस्कार, ‘माचिस’ आणि ‘चांदनी बार’, यांना या चित्रपटांची जोड दिली की तिची कारकीर्द डोळ्यांसमोर उभी राहते. ‘अस्तित्व’ मराठीतही झाला होता. जमलं तर तो मराठीतच पाहा.

हे वाचून राष्ट्रीय पुरस्कारांचीच यादी श्रेष्ठ असं वाटेल, पण तिलाही न दिसणारी एक मोठी जागा आहे. विनोदाचं टायमिंग, नाचातून केलेला अभिनय, पडदा व्यापून टाकणं या गोष्टींना समित्यांनी क्वचितच दाद दिली. ‘चालबाज़’मधली श्रीदेवी पाहा. दुहेरी भूमिकेत दोन वेगळी शरीरं वाटावीत इतका फरक तिने चालण्यात आणि नजरेत केलाय. त्यासाठी आणि ‘लम्हें’साठी तिला फिल्मफेअर मिळालं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘मॉम’साठी, ती गेल्यानंतर, 2018 साली. ‘मॉम’ चांगलाच आहे, पण श्रीदेवी म्हणजे काय ते ‘चालबाज़’मध्ये कळतं. माधुरीचंही तसंच. ‘दिल’, ‘बेटा’, ‘हम आपके हैं कौन’, ‘दिल तो पागल है’ ही तिची फिल्मफेअरची यादी, आणि नव्वदच्या दशकाने तिच्यात काय पाहिलं ते त्यातून समजतं. तिचा 1997 चाच ‘मृत्युदंड’ मात्र कोणत्याच मुख्य यादीत नाही. तो वेगळा लिहून ठेवा.

गेल्या काही वर्षांत हा झगडा बराच निवळलाय. प्रियांका चोप्राचा ‘फॅशन’, विद्या बालनचा ‘द डर्टी पिक्चर’, कंगना राणावतचा ‘क्वीन’, आलिया भट्टचा ‘गंगूबाई काठियावाडी’, हे चारही दोन्हीकडे आहेत. या काळापुरतं बोलायचं तर कोणतीही यादी चालेल. अपवाद राणी मुखर्जीचा. ‘हम तुम’ आणि ‘ब्लॅक’ची फिल्मफेअर तिला केव्हाच मिळाली होती, पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळायला 2025 उजाडलं.

पद्म किताब किंवा दादासाहेब फाळके पुरस्कार यांचा इथे उपयोग नाही. वहिदा रहमान, आशा पारेख यांना फाळके मिळाला याचा आनंद मोठा आहे, पण तो साऱ्या कारकिर्दीचा सन्मान. आज संध्याकाळी कोणता चित्रपट लावायचा, हे त्यावरून ठरत नाही.

मला विचाराल तर 1967 पर्यंत फिल्मफेअर, तिथून साधारण 2000 पर्यंत राष्ट्रीय पुरस्कार आणि सोबत समीक्षकांची यादी, आणि श्रीदेवी-माधुरीसाठी पुन्हा फिल्मफेअर. वेळ थोडा असेल तर एकच वर्ष घ्या, 1982. ‘अर्थ’साठी शबानाला दोन्ही पुरस्कार मिळाले. त्याच चित्रपटात नवऱ्याच्या आयुष्यात आलेली दुसरी स्त्री, कविता, स्मिताने केलीय. त्याच वर्षी स्मिताचा ‘उंबरठा’ आला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा 1981 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या वर्षीचा अभिनेत्रीचा मात्र ‘उमराव जान’च्या रेखाकडे गेला. आधी ‘अर्थ’ पाहा, त्यातली कविता लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ‘उंबरठा’मधली सुलभा महाजन पाहा.