आगटीभोवती तिघं: जोडीदाराच्या लेकरासोबत सोलापूरची हुरडा पार्टी

डिसेंबर लागला की तुळजापूर रोड, बार्शी रोड, होटगी रोड, मोहोळकडचा हायवे, जिकडे गाडी वळवाल तिकडे हुरडा पार्टीचे फ्लेक्स दिसायला लागतात. या शेतांबद्दल लिहिणारे चव, पार्किंग आणि झोक्यांची संख्या सांगतात. इथे निकष वेगळा आहे. ज्याच्याशी किंवा जिच्याशी तुमचं जमलंय त्या माणसाला तीन ते सहा वर्षांचं लेकरू आहे, आणि त्या लेकरासोबतची पहिली सुट्टी कुठे घालवायची हे ठरत नाहीये. या कामाला हुरडा पार्टी कितपत उपयोगी पडते, तेवढंच बघू.

निकाल आधीच सांगून टाकू: सोलापुरात याहून सोयीची जागा नाही. अटी दोन. शेत लहान असावं, आणि दुपारी दोनच्या आत तिथून निघावं.

सोय कसली, ते दिवाळीशी ताडून पाहिलं की कळतं. आपल्या सणांत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. अभ्यंगाला तेल कोण लावणार, पाडव्याला कोण कुणाला ओवाळणार, भाऊबीजेला पाटावर कोण बसणार. ज्याचं नातंच अजून ठरायचंय त्याने कुठल्या पाटावर बसायचं? तो आला तर कोपऱ्यात फराळाची बशी धरून अवघडतो, नाही आला तर जोडीदाराला वाटतं टाळलं. हुरड्याला पाट नसतो, ओवाळणी नसते. ज्वारीची कोवळी कणसं भाजायची ती आगटी, म्हणजे निखाऱ्याचा खड्डा, तिच्याभोवती जागा मिळेल तिथे पोतं टाकून बसायचं. हात कामात असतात, त्यामुळे लेकराशी सतत काहीतरी बोललंच पाहिजे असं दडपण राहत नाही. आणि चार तासांत सगळं आपोआप आटोपतं, ‘आता निघू या’ म्हणायला कारण शोधावं लागत नाही.

दुसरा पर्याय म्हणून सगळे गड्डा सुचवतात. सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावरचे पाळणे, खेळण्यांची दुकानं, लेकरू खूश. पण पहिल्या भेटीला गड्डा नको. एक तर तो रंगतो संध्याकाळी, म्हणजे लेकराच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेला. शिवाय दर दहा पावलांवर ‘मला ते पाहिजे’. नवा माणूस, म्हणजे तुम्ही, मन जिंकायला लगेच पाकीट काढतो, ‘नाही’ म्हणायची वेळ आई किंवा बापावर येते, आणि घरी जाईपर्यंत दोघांत धुसफूस सुरू होते. तिसरी गोष्ट म्हणजे तिथे निम्मं सोलापूर भेटतं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला गेलात तर बघायलाच नको. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, हजारो लोक ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत अक्षता टाकतात, आणि शेजारी उभी असलेली आत्या तुम्हा तिघांकडे बघून विचारते, “मग, तुमच्या अक्षता कधी?” लेकराच्या कानावर तो प्रश्न पहिल्यांदा असा पडू नये. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला लेकराला खांद्यावर घेऊन जायचं ते पुढच्या वर्षी.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालतात. काळे कपडे, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे. लेकरू पाचच्या आतलं असेल तर आजी हे करणारच. ते त्या घराचं कार्य आहे. बोलावलं तर बोरं आणून द्या, खाली सांडलेली गोळा करणाऱ्या पोरांत मिसळा, औक्षणाच्या ताटाला हात लावू नका. बोलावलं नाही तर रुसू नका. त्याच दिवसांतल्या हळदीकुंकवात जोडीदार घटस्फोटित किंवा विधवा असेल तर काही घरांतून तिला आमंत्रण येत नाही. ते तिला लागतं, बोलून दाखवेल असं नाही. त्या दुपारी फोन करा, एवढं पुरतं.

तारीख कशी काढायची? आधी शाळेची सुट्ट्यांची यादी मागून घ्या. घटस्फोटाचा निकाल किंवा अंतरिम आदेश असेल तर त्यातली भेटीची कलमं जोडीदाराने शब्दन्‌शब्द वाचावीत. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी, रविवारची भेट अमुक वाजता, असं त्यात लिहिलेलं असतं. ‘अर्धी सुट्टी’ म्हणजे शाळेच्या यादीप्रमाणे की पंचांगाप्रमाणे, यावरून दरवर्षी भांडणं होतात, कारण लक्ष्मीपूजन कधी पहिल्या अर्ध्यात पडतं, कधी दुसऱ्या. आधी दुसऱ्या पालकाचे दिवस लिहा, मग दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे. उरेल तो दिवस तुमचा. बहुतेक वेळा उरतो तो नाताळच्या सुट्टीतला किंवा जानेवारीतला एखादा साधा रविवार. हुरड्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो, ही या प्रकारातली सगळ्यात मोठी जमेची बाजू. लेकराचे दुसरे पालक हयात नसतील तर आदेश नसतो, पण दिवस असतात. वर्षश्राद्ध कधी, वाढदिवस कधी, हे विचारून त्या आठवड्यात काहीच ठरवू नका.

आता शेताकडे. बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न वाणाचा. हुरड्याला गुळभेंडी, सुरती, किंवा खास हुरड्यासाठी काढलेले फुले उत्तरा, फुले मधुर हे वाण चांगले. दाणा गोड आणि बोंडातून चटकन सुटतो. आपली मालदांडी भाकरीला राणी आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण हुरड्याला ती गुळभेंडीइतकी मऊ लागत नाही आणि चोळायला जास्त वेळ घेते. मोठ्यांना चालतं. चार वर्षांचं पोर तेवढा दम धरत नाही.

दुसरा प्रश्न गर्दीचा: त्या रविवारी किती लोक आहेत, आणि डीजे आहे का? शंभर-दोनशे माणसं, माइकवर खेळ घेणारा सूत्रसंचालक, ‘कपल डान्स’, असलं काही असेल तर दुसरं शेत बघा. माइकवाला तुम्हा तिघांना पुढे बोलावून ‘बाबांना मिठी मार’ म्हणणार, हे ठरलेलंच. घरगुती शेतं जास्त बरी. झोका, बैलगाडीची फेरी, चार आगट्या, बास. मुलांचा दर विचारून ठेवा, पाच वर्षांखाली बऱ्याच ठिकाणी पैसे घेत नाहीत. संडास कुठल्या पद्धतीचा आणि किती लांब, विहिरीला कठडा आहे का, कुत्री बांधलेली असतात का, हेही विचारा. नुकतीच चड्डी ओली करायची थांबलेलं पोर अनोळखी जागी संडासला नको म्हणतं आणि मग तिघांचाही दिवस फिसकटतो.

नोंदवहीत नाव एकाचं आणि पुढे ‘अधिक दोन’. नातं लिहायची गरज नाही. हल्ली शेताच्या सोशल मीडियावरच्या पानासाठी व्हिडिओ काढतात, ‘लेकराचा चेहरा नको’ हे पोचल्या पोचल्या सांगा. तुमच्या स्वतःच्या स्टेटसलाही तिघांचा फोटो नको. ताब्याचा वाद चालू असेल तर असा फोटो दुसऱ्या बाजूच्या वकिलाकडे पोचायला वेळ लागत नाही. वाद नसला तरी लेकराच्या दुसऱ्या पालकाला ही बातमी स्टेटसवरून कळू नये.

प्रवास अर्ध्या-पाऊण तासाच्या आत ठेवा. दुचाकीवर तिघं जायचा मोह आवरा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट लागतं, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. 2023 पासून हा नियम लागू आहे. त्यात दोन मोठी माणसं आणि मध्ये पोर हे सर्रास दिसत असलं तरी ते बेकायदा आणि धोक्याचं. गाडी करा. लेकरू त्याच्या आई किंवा बापाजवळ मागे बसेल, नवा माणूस पुढे. ही बसायची व्यवस्था घरून निघायच्या आधीच ठरलेली असावी.

साडेनऊपर्यंत पोचावं. सकाळी स्वेटर लागतो, अकरानंतर ऊन चटकतं. लेकराला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, कारण ज्वारीची कुसळं मानेला आणि कोपराच्या खोबणीत खाज आणतात. लोकरीच्या स्वेटरला ती चिकटून घरापर्यंत येतात. ओला रुमाल, पिण्याचं पाणी आणि एक सोलापुरी चादर सोबत ठेवा. बसायला, पांघरायला आणि परतताना झोपलेल्या पोराच्या डोक्याखाली तीच.

आगटी म्हणजे जमिनीत हातभर रुंद खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवून धूर संपून लाल निखारा आणि राख होईपर्यंत थांबतात. घाईने धुरातच कणसं घातली तर दाण्याला धुराचा कडवट वास बसतो आणि पोरं पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतात. कणसं राखेत खुपसून फिरवत राहायची, दोन-चार मिनिटांत दाणा टचटचीत फुगतो. मग गरम असतानाच तळहातावर किंवा पोत्यावर चोळायची, पाखडून कोंडा उडवायचा आणि लगेच खायचा. गार झाला की दाणा चिवट होतो, परत गरम करून तो मऊपणा येत नाही. म्हणून ताटात ढीग मागवू नका, मूठ मूठ घ्या.

आगटीजवळ लेकराला हातभर अंतरावर बसवा, धूर जातो त्याच्या उलट्या बाजूला. वरून राख दिसते पण आत निखारा तासभर जिवंत असतो, त्यामुळे विझलेली वाटणारी आगटीच जास्त पोळते. लेकराला काम द्या: चोळलेला हुरडा फुंकायचा. फू केली की कोंडा उडतो, हसू येतं, आणि दोघांमधलं पहिलं खरंखुरं काम तिथे होतं. नव्या माणसाने चोळावं, लेकराने फुंकावं, आई किंवा बापाने जरा मागे बसावं. हे मागे बसणंच सगळ्यात जड जातं. ‘काकांना थँक्यू म्हण’, ‘काकांना गाणं म्हणून दाखव’ असं ढकलत राहिलं की पोर आईच्या पदराआड जातं आणि मग निघेपर्यंत बाहेर येत नाही.

काका म्हणावं, की आणखी काही? बाप्याला काका किंवा अण्णा. मामा मात्र चुकूनही नको, तो आईचा भाऊ होतो आणि पुढे सगळं विचित्र होऊन बसतं! बाईला मावशी म्हणायची आपल्याकडे सवय असते, पण लेकराची आई हयात असेल तर तिच्या माहेरच्यांना ते झोंबतं. ताई किंवा अक्का बरं. सोलापुरात अक्का म्हटलं की कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही, ही भाषांच्या सरमिसळीची कृपा. लेकराने सरळ नावानेच हाक मारली तर मारू द्या.

खाण्याचं बघा. मोठ्यांसाठी हुरड्यासोबत शेंगा चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं, ऊस असतो. चार-पाच वर्षांखालच्या पोराला अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. बोराची बी आधी काढा. शेंगा चटणीची भुकटी दह्यात कालवून तिखट मारली तर चालते. हुरडा मुलाला दीड-दोन मुठी पुरे. कोवळा दाणा पोटात जड होतो, वर उसाचा रस आणि पेरू गेला की संध्याकाळी पोट दुखलंच. बहुतेक शेतांवर जेवण एकनंतर लावतात, आणि इथेच पार्टी बिघडते. पोराची भूक साडेअकराला लागते, झोप एकला येते. घरून वरणभाताचा किंवा दूधभाताचा डबा न्या, साडेअकराला त्याला जेवू घाला, मग तुम्ही निवांत कडक भाकरी आणि पिठलं-ठेचा खा.

अपेक्षांबद्दल एकच. त्या चार तासांत जोडीदाराशी सलग दहा मिनिटं बोलणं झालं तर भरपूर झालं. हा दोघांचा दिवस नाही, दोघांसाठी वेगळी संध्याकाळ काढा. रिमोटची गाडी वगैरे भेटवस्तू नको. घरी गेल्यावर ती कुणी दिली याचा जाब लेकरालाच द्यावा लागतो. बैलगाडीची एक फेरी पुरे. लेकरू मध्येच ‘माझे पप्पा पण येणार का?’ विचारेल. उत्तर त्याच्या आईने द्यावं, नव्या माणसाने आगटीकडे बघावं.

या प्रकाराला पाचपैकी चार. एक गुण कापला तो शेतमालकांच्या चौकशांसाठी. ‘एकच का? दुसरं कधी?’ हे दर शेतावर कुणीतरी विचारतंच.

निघताना कणसं विकत मिळतात. भाजलेला हुरडा घरी नेऊन उपयोग नाही, कच्ची कणसं घ्या, कापडात गुंडाळा, दुसऱ्या दिवशी तव्यावर किंवा गॅसवर भाजता येतात. लेकराला त्याच्या घरी सोडताना नव्या माणसाने गाडीतच बसावं. कणसांची पिशवी लेकराच्या हातात द्यावी, आजीला द्यायला.