रद्दी, बांबू की पऱ्हाटी? विदर्भात छोटी पेपर मिल टाकण्याआधी

दिवसाला 30-50 टनांची मिल टाकायची, माल शक्यतो इथलाच घ्यायचा, नाला नासवायचा नाही आणि आजूबाजूच्या गावांनाही दोन पैसे मिळावेत, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यापुढे विदर्भात तीन वाटा आहेत. गडचिरोली-चंद्रपूरचा बांबू, वावरातली पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) किंवा धानाची तणस, आणि शहरातली रद्दी. माझं मत आधीच सांगतो. एवढ्या लहान मिलने रद्दीच धरावी. बांबू मोठ्या भांडवलाचा माल आहे, आणि पऱ्हाटीची जागा बॉयलरमध्ये आहे, लगदा शिजवायच्या भांड्यात, म्हणजे डायजेस्टरमध्ये नाही.

सगळं अडतं ते काळ्या पाण्यावर. बांबू असो की तणस, त्यातला धागा सुटा करायला तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवावा लागतो. 100 किलो सुक्या मालातून साधारण 45-50 किलो लगदा हाती येतो. उरलेलं लिग्निन वगैरे त्या पाण्यात उतरतं, त्याला मिलमध्ये ब्लॅक लिकर म्हणतात. आटवलं की ते काकवीसारखं होतं. मोठी मिल ते रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळते, त्यावर वाफ आणि वीज काढते, कॉस्टिकही बहुतेक परत मिळवते. हा बॉयलर 50 टनांच्या मिलला झेपत नाही. मग ते पाणी जातं कुठे? पिकांच्या काडावर चालणाऱ्या छोट्या मिल देशभर बदनाम झाल्या त्या याच प्रश्नाचं उत्तर नाल्यात सापडल्यामुळे. कच्चा माल कितीही हिरवा असू द्या, शिजवणीच्या काळ्या पाण्याची सोय नसेल तर तो हिशेबात धरू नका.

तणशीचं तर आणखी अवघड. तिच्यात सिलिका भरपूर असते आणि ती आटवणीच्या नळ्यांत खर धरते, म्हणजे रिकव्हरी बसवली तरी त्रास आहेच. शिवाय भंडारा-गोंदियाकडे तणस म्हणजे जनावरांची वैरण. मिलने ती उचलली तर उन्हाळ्यात गोठ्यात काय घालायचं, हे कास्तकार विचारणारच. तणस मी यादीतून काढून टाकतो.

बांबूची बाजू मात्र नीट ऐकण्यासारखी आहे, कारण गावाच्या दृष्टीने याहून चांगला माल नाही. एकेकाळी जंगलातला बांबू लांब मुदतीच्या करारांवर कागद कारखान्यांकडे जायचा आणि गावकऱ्याच्या वाट्याला फक्त तोडणीची मजुरी यायची. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर बांबू स्वतः विकायला घेतला आणि तेंदूपत्त्याची तोडणी बंद केली, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. नगद पैसा सोडून जंगल धरणारं गाव तुमचं विक्रेतं असेल तर पुरवठ्याची काळजी बरीच कमी होते.

पण अटी त्यांच्या. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात, तेव्हा तोडणी बंद. कोवळा बांबू बेटातच ठेवायचा, 3-4 वर्षांचा तेवढा काढायचा. म्हणजे पावसाळ्याचा साठा आधीच डेपोत हवा, आणि तेवढी रक्कम त्यात अडकून पडते. बुरडांना टोपल्या-सुपांसाठी लागणारा हिरवा बांबू आधी बाजूला काढा, नाहीतर जिल्ह्यातल्या सगळ्यात गरीब कारागिराच्या पोटावर तुमचा 'शाश्वत' कागद उभा राहील. करार ग्रामसभेच्या ठरावावर करा, दर आणि आगाऊ रक्कम लेखी ठेवा. दिवसाला काही शे टनांची मिल आणि रिकव्हरी बॉयलर, दोन्हीची ऐपत असेल तर मी तुम्हाला बांबूच घ्या म्हणेन.

आता रद्दी. इथे शिजवणी नाही. पल्पर नावाच्या घुसळणीच्या टाकीत पाण्याबरोबर घुसळलं की पुठ्ठा सुटतो. तपकिरी क्राफ्टच, म्हणजे खोक्यांचा कागदच काढणार असाल तर ब्लीचिंगही नाही, म्हणजे क्लोरीनचा विषयच मिटतो. पांढऱ्या कागदाचा मोह टाळा. देशी पुठ्ठ्यावर 16-18 बीएफचा (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे कागद फुटेपर्यंत किती दाब सोसतो त्याचं माप) क्राफ्ट निघतो. संत्र्याच्या खोक्याला याहून जास्त जोर लागतो. त्यासाठी आयात पुठ्ठा मिसळावा लागतो, कारण दर फेऱ्यात धागा आखूड होत जातो. तेव्हा वरूड-मोर्शीच्या व्यापाऱ्याला शब्द देण्याआधी हे पाहून घ्या.

रद्दीत घाण दोन ठिकाणी असते. एक, पल्परमधून निघणारं प्लास्टिक, टेप, पिना. बऱ्याच ठिकाणी हा गाळ वीटभट्टीला जातो आणि धूर गावावर येतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या भट्ट्या आहेत, तिथे तो जास्त तापमानात जाळता येतो. वाहतुकीचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. दुसरी घाण वजनात. रद्दीची बांधलेली गाठ वरून कोरडी, आत पाणी मारलेली. मॉइश्चर मीटरची सुई गाठीच्या पोटात घातल्याशिवाय पावती फाडू नये. पण ओलाव्यासाठी जो दर कापला जातो तो व्यापारी स्वतः सोसत नाही, खाली भंगार वेचणाऱ्या बाईवर ढकलतो. म्हणून ओलाव्याची कपात किती टक्क्यांवर किती, हे काट्याजवळच्या फळ्यावर लिहून ठेवा. शक्य असेल तर वेचणाऱ्यांच्या गटाकडून थेट घ्या, हातमोजे द्या, आठवड्याला पैसे द्या.

बॉयलरला मग पऱ्हाटी. वेकोलिचा (वेस्टर्न कोलफील्ड्सचा) कोळसा जवळ आहे, त्यामुळे मोह होणारच, पण यवतमाळ-वर्ध्यात वेचणी संपली की पऱ्हाटी धुऱ्यावर पेटते, ती तुमच्या भट्टीत पेटली तर बरं. यात एक मेख आहे. उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असते आणि जून-जुलैला पतंग बाहेर पडतात. अख्ख्या पऱ्हाटीची गंजी मिलच्या आवारात पावसापर्यंत ठेवली, तर पंचक्रोशीतल्या कपाशीला तुम्हीच कीड पुरवाल. उचलल्यावर लगेच भुगा करा, दाबून त्याच्या विटा (ब्रिकेट) बनवा. भूमिहीनांच्या चुलीचं सरपणही हेच असतं, म्हणून वावर झाडून नेऊ नका, ठरलेला वाटा मागे सोडा. पऱ्हाटीच्या राखेत क्षार जास्त असतात, नळ्यांवर थर चढतो. बॉयलर घेताना बायोमाससाठीच बनवलेला मागा.

राहिलं पाणी. रद्दीच्या मिलमध्ये तेच पाणी फिरवून वापरता येतं, पण फार फिरवलं की क्षार साचतात आणि मे महिन्यात वास सुटतो. तक्रार येते ती त्या वासाची. जागा ठरवताना शेजारच्या विहिरींची मे महिन्यातली पातळी मोजून घ्या, नोंद ग्रामपंचायतीत द्या. पुढे कोणी 'मिलमुळे विहीर आटली' म्हणालं, तर मोजायला दोघांकडे एकच आकडा असेल.