मुलींच्या शाळेचा आनंदमेळावा: भरीत झकास, कुपनांची रांग मात्र सुधारा

जळगाव जिल्ह्यातल्या मुलींच्या एका शाळेचा हिवाळी आनंदमेळावा. भरीताचा स्टॉल पहिल्या नंबरचा! वांगी बामणोद गावची, पांढरट हिरवी. कापसाच्या काड्यांवर भाजलेली, त्यामुळे धुराचा वास आत मुरलेला; गॅसवर ते होत नाही. भाजण्याआधी टोचे मारून तेलाचा हात फिरवला नाही तर वांगं फुटतं. इथे ते काम पाचवीच्या मुलींकडे आणि जाळ नववीच्या मुलींकडे, शेजारी एक बाई उभ्या. मिरची-लसूण ठेचून, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ, थापायला अवघड. काही भाकरी कडेला चिरल्या होत्या. पीठ कोमट पाण्यात जास्त मळायला हवं.

खरी दाद कामाच्या वाटणीला. चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, अर्ध्या वेळेनंतर विक्री आणि भांडी यांची अदलाबदल. नाहीतर बोलक्या मुली गल्ल्यावर आणि अबोल मुली कायम नळावर, असंच होतं. शाळा प्रत्येकीला सारख्याच किमतीची कुपनं बंद पाकिटात देते, म्हणून कुणाच्या घरून पैसे आले नाहीत हे कुणाला कळत नाही. नफा पुस्तकपेढीला, हिशोब फळ्यावर.

उणीव एकच: कुपनाची खिडकी एकच, त्यात दहाची कुपनं लवकर संपली. दोन खिडक्या ठेवा, पाच-दहाची जास्त छापा. डबा घरून न्या, पत्रावळीत भरीताचं तेल गळतं.