गाडीच्या हवेचं गेज: पेन, काट्याचं की डिजिटल?

पंपावरच्या मशीनने दाखवलेला आकडा आणि घरी येऊन तपासलेला आकडा जुळत नाही, ही तक्रार गाडीवाल्यांमध्ये नेहमीची आहे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी असा नियम आहे, आणि तिथे हवा भरायला काहीच हरकत नाही. पण तिथलं मीटर दिवसभर उन्हात असतं, त्याची नळी जमिनीवर आपटत राहते, आणि आपण तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो. म्हणून हवा तपासायचं साधन स्वतःचं हवं. ते घेताना बहुतेक जण डिजिटल की काट्याचं या प्रश्नापाशी अडतात. मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: गेजची पट्टी, म्हणजे त्यावरचे आकडे, कितीपर्यंत आहे?

काट्याच्या गेजवर '± २%' असं छापलेलं असतं. हे दोन टक्के तुमच्या टायरमधल्या ३३ पीएसआयचे (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) नसतात, संपूर्ण पट्टीचे असतात. चांगल्या काट्याच्या गेजवर बहुधा 'एएनएसआय बी ४०.१, ग्रेड बी' असा अमेरिकी मानकाचा उल्लेख सापडतो. त्याचा अर्थ असा, की पट्टीच्या मधल्या निम्म्या भागात चूक पूर्ण पट्टीच्या दोन टक्क्यांपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या पाव भागांत तीन टक्क्यांपर्यंत चालते. आता हिशेब करून बघा. ० ते ६० पीएसआयच्या गेजमध्ये मधला भाग १५ ते ४५, म्हणजे आपल्या गाड्यांची ३० ते ३६ ची हवा बरोबर त्यात बसते आणि जास्तीत जास्त चूक १.२ पीएसआय. तेच गेज ० ते १६० चं घेतलं, तर मधला भाग ४० पासून सुरू होतो. तुमचे ३३ खालच्या टोकात जातात आणि चूक ४.८ पीएसआयपर्यंत जाऊ शकते. गेज ३३ दाखवेल आणि टायरमध्ये साधारण २८ च असतील, तरी ते गेज आपल्या ग्रेडच्या मर्यादेतच असेल! दुकानदार 'ट्रकलाही चालतं' म्हणून मोठ्या पट्टीचं गेज कौतुकाने पुढे करतो. कारसाठी ते घेऊ नका.

अपवाद एकच. काही गाड्यांत 'टेम्पररी' लिहिलेली बारीक स्टेपनी असते आणि तिला ६० पीएसआय हवा लागते. तशी स्टेपनी असेल तर ० ते १०० चं गेज घ्यावं लागेल. मधल्या भागात चूक दोन पीएसआयपर्यंत जाईल, पण ते चालण्यासारखं आहे.

आता प्रकार. पेनसारखं गेज सर्वांत स्वस्त, दोन-तीनशे रुपयांच्या आत येतं. आत एक दट्ट्या आणि स्प्रिंग, हवेच्या दाबाने पट्टी बाहेर सरकते. बॅटरी नको, कप्प्यात पडून राहिलं तरी चालतं. पण धूळ गेली की दट्ट्या अडखळतो, खुणा बारीक असतात, आणि त्याच टायरला दोनदा लावलं तर दोन आकडे मिळू शकतात. हायवेवर अडचणीच्या वेळी हवा आहे की नाही एवढं कळायला ठीक. रोजच्या भरवशासाठी मी ते सुचवणार नाही.

काट्याच्या गेजमध्ये अर्धवट बांगडीसारखी वाकवलेली चपटी नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि काटा फिरतो. पॅरिसच्या यूजीन बूर्दोंने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि आजही कारखान्यांतल्या बॉयलरपासून गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरपर्यंत हीच रचना दिसते. इतकी वर्षं टिकलेली गोष्ट साधी आणि भरवशाची असते, हे या गेजच्या बाबतीत खरं आहे. तिचा शत्रू एकच, आपटणं. म्हणून भोवती जाड रबराचं कव्हर असलेलंच घ्यावं, आणि वापरण्याआधी काटा शून्यावर आहे ना, ते पाहावं. ज्यात काटा खालच्या खिळीवर टेकून राहतो, त्यात शून्य सरकलेलं लपून जातं. मोकळा काटा असलेलं गेज त्या दृष्टीने जास्त प्रामाणिक. रबरी नळी असलेलं मिळालं तर उत्तम, कारण अलॉय व्हीलच्या काड्यांमधून वॉल्व्हपर्यंत पोहोचायला ताठ मान कामाची नाही. हवा सोडायचं बटण असेल तर आणखी सोय: थोडी जास्त भरायची आणि गेज न काढता ३३ वर आणायची.

डिजिटलमध्ये दाबाने बदलणारा विद्युतरोध मोजणारा सेन्सर असतो. आकडा अंधारात दिसतो, चष्म्याची गरज पडत नाही, पीएसआय आणि बार दोन्ही मिळतात (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय). घरातले ज्येष्ठ हवा तपासत असतील किंवा पार्किंग तळघरात असेल, तर हेच घ्यावं. पण ३३.४ असा दशांशाचा आकडा दिसला की तो तितका अचूकही असेल, असं समजू नका. पडदा किती बारीक आकडा दाखवतो आणि तो किती खरा असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावर ± १ पीएसआय किंवा त्याहून कमी असा स्पष्ट उल्लेख शोधा. तो नसेल तर पुढचं मॉडेल बघा. टायर गेजसाठी 'ओआयएमएल आर २३' ही आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ती ४ बारपर्यंत ०.०८ बारची, म्हणजे साधारण १.२ पीएसआयची चूक मान्य करते. तुमच्या गेजने एवढं पाळलं तर पुरे. बॅटरी नाण्यासारखी असेल तर एक जादा गाडीत ठेवा.

हवा भरायचं छोटं मशीन, जे सिगारेट लायटरच्या सॉकेटवर किंवा स्वतःच्या बॅटरीवर चालतं, ते गेजची जागा घेत नाही. चालू असताना नळीतला दाब टायरमधल्या दाबापेक्षा वेगळा दिसतो. मशीन थांबल्यावर दिसणारा आकडाही वेगळ्या गेजने पडताळून घ्यावा. मशीन जरूर घ्या, पण गेजनंतर.

गाडीत टीपीएमएस, म्हणजे हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा आहे, मग गेज कशाला? कारण तो दिवा फार उशिरा लागतो. अमेरिकेतल्या नियमानुसार हवा २५ टक्क्यांनी उतरली की इशारा मिळायला हवा. त्या हिशेबाने ३३ च्या टायरसाठी इशारा २५ च्या आसपास येईल. काही गाड्यांत तर टायरमध्ये सेन्सरच नसतो, चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधला जातो. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने ७०१ किलोमीटर जाताना चार-पाच पीएसआय कमी असलेला टायर सतत दबतो, त्याची बाजूची भिंत वाकत राहते आणि तापते. दिवा मात्र शांत असतो.

गेज कितीही चांगलं असलं तरी टायर थंड हवा. गाडी तीन तास उभी असावी. हवामानानेही आकडा हलतो, दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना भरलेले ३३, हवा अजिबात न गळता, मे महिन्यात ४२ अंशांच्या सावलीत ३८ च्या आसपास दिसतील. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात तर साडेतेराशे मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी झाल्याने गेज दोनेक पीएसआय जास्त दाखवेल. थंडी मात्र तो आकडा थोडा खाली ओढेल. वर हवा सोडू नका, खाली उतरल्यावर ती कमी पडेल. आणि भरायची किती, ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून ठरवा. टायरच्या बाजूला छापलेला ४४ किंवा ५१ हा त्याचा कमाल दाब असतो.

एका गाडीच्या घरासाठी माझी निवड: ० ते ६० पट्टी, नळी, हवा सोडायचं बटण आणि रबरी कव्हर असलेलं काट्याचं गेज. नजर किंवा उजेड कमी असेल तर डिजिटल.

घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत सकाळी थंड टायरला लागोपाठ तीनदा लावून पाहा. तिन्ही आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत आले पाहिजेत. मग शेजाऱ्याचं किंवा विश्वासातल्या टायरवाल्याचं गेज त्याच टायरला लावा. तुमचं गेज दरवेळी एक पीएसआय जास्तच दाखवत असेल तर ते लक्षात ठेवून वापरता येतं. एकदा ३१, एकदा ३४ दाखवत असेल तर परत करा.